‘औदुंबर’मधल्या पाच रिकाम्या मात्रा

प्रश्न आलाय तो असा: “मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपूरलाच. बालकवींच्या ‘औदुंबर’वर वैयक्तिक प्रतिसाद लिहायला दिलाय, रंग आणि नाद यांच्या प्रतिमा धरून. ‘कविता चित्रमय आणि नादमधुर आहे’ एवढं लिहिलं आणि पुढे पेन चालेना. खरं सांगायचं तर मला चित्र दिसतं ते किराणा दुकानातल्या कॅलेंडरसारखं, आणि नाद काहीच ऐकू येत नाही. वैयक्तिक म्हणजे मनात येईल ते लिहिलं तर चालतं का? तुम्हाला स्वतःला यात काय दिसतं, काय ऐकू येतं?”

नाद ऐकू येत नाही, हे वाक्य खोडू नकोस. तिथूनच सुरुवात कर. कविता आठ ओळींचीच आहे, समोर असू दे.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आता यात आवाज शोध. झरा आहे, पण तो नुसता वाहतो. गाव आहे, पण कुत्रं भुंकत नाही की बैलाची घंटा वाजत नाही. शेतात पाखरू नाही, कुरणात गुराखी नाही, लाटा आहेत त्याही मुक्या. एकही ध्वनिवाचक शब्द कवीनं वापरलेला नाही. त्याला येत नव्हतं म्हणावं, तर याच कवीची श्रावणाची कविता आपण शाळेत घोकलेली असते आणि तिच्यात शिरवं सरसर येतात. म्हणजे इथं त्यानं आवाज जाणून बाहेर ठेवलाय.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं ‘झऱ्याची झुळझुळ आपल्या कानांत घुमत राहते’ असं वर्गात ठोकून देत होते आणि पोरं लिहून घेत होती. ती झुळझुळ माझ्या पदरची होती. त्याच काळात धंतोलीतल्या एका घरगुती बैठकीत मी ही कविता भूप रागात चाल लावून म्हटली होती. गाणं थोडंफार शिकलेले, पेटी हाताशी. ओळ संपली की पेटीवर एक लहानशी सुरावट टाकायची, मग पुढची ओळ. कार्यक्रम झाल्यावर एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “छान! झरा चांगला वाजला.” मी खूश. त्यांनी टोमणा मारला होता की कौतुक केलं होतं, ते आजही कळलेलं नाही.

डोकं ठिकाणावर आणलं ते एका विद्यार्थ्यानं. उमरेडकडचा पोरगा, गावच्या भजनी मंडळात खंजेरी वाजवायचा. आपल्याकडे तुकडोजी महाराजांमुळे खंजेरी भजन गावोगाव रुजलेलं आहे, त्यातलाच तो. मराठीत यथातथा, पण हात ताल सोडायचा नाही. मी कविता वाचत होते आणि हा बाकावर बोटांनी काहीतरी वाजवत होता. मी रागावले. तर म्हणतो, “मॅडम, तुम्ही ताल सोडून राहिल्या. इथं थांबा लागते.”

“कुठं?”

“प्रत्येक ओळीले. तीन अन् मंग चूप.”

मी त्याला फळ्याकडे बोलावलं. त्यानं बोटांवर मोजलं, मी खडूनं लिहिलं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ‘चार घरांचे’ आठ मात्रा. ‘गाव चिमुकले’ आठ. ‘पैल टेकडी’ आठ. आणि उरलं ‘कडे’, तीन मात्रा. पुढची ओळ: ‘शेतमळ्यांची’ आठ, ‘दाट लागली’ आठ, ‘हिरवी गर्दी’ आठ, ‘पुढे’ तीन. सगळी कविता याच मापात बसते. पहिल्या ओळीत तर ‘घेऊन’ हा शब्दच मधून कापला जातो: ‘हिरवाळी घे’ इथे आठ भरतात आणि ‘ऊन’ शेपटीला राहतं. ‘लाटांवर’, ‘औदुंबर’ यांच्या शेवटी एखादी मात्रा कमी पडते, तिथे शेवटचं अक्षर लांबवायचं. कागदावर हे सत्तावीस मात्रांचं माप झालं. पण ज्याच्या हातात केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल आहे, त्याला सत्तावीस दिसत नाहीत. त्याला आठाची चार आवर्तनं दिसतात. तीन भरलेली, आणि चौथ्यात तीन मात्रा बोलून पाच मात्रा गप्प.

त्या पाच मात्रा मी वर्षानुवर्षं खात आले होते. गाताना पेटीनं भरत होते आणि वाचताना पुढच्या ओळीवर उडी मारत होते.

तू स्वतः करून बघ. टेबलावर बोट आपटत ओळ म्हण, ‘कडे’ म्हटल्यावर पाच ठोके तोंड बंद ठेव, मग पुढची ओळ घे. पहिल्यांदा अवघडल्यासारखं वाटेल. तिसऱ्या ओळीपर्यंत लक्षात येईल की गाव, शेत, वाट ही सगळी त्या गप्प जागेच्या काठाकाठानं मांडलेली आहेत. आठ ओळी, प्रत्येकीमागे पाच. म्हणजे कवितेत चाळीस मात्रा नुसती शांतता आहे. माझ्यापुरता या कवितेतला नाद तो. झरा वाहतो आणि डोहात येऊन थांबतो, वाहतो आणि थांबतो. डोह सहाव्या ओळीत यायच्या कितीतरी आधी, पहिल्याच ओळीच्या शेवटी, कानाला लागलेला असतो.

हे उगाच ताणलेलं वाटत असेल तर श्रावणाची कविता शेजारी ठेव. ‘श्रावणमासी’ आठ, ‘हर्ष मानसी’ आठ, ‘हिरवळ दाटे’ आठ, आणि मग ‘चोहिकडे’, सहा मात्रा. कवी तोच, हिरवा रंग तोच, आठाचे तीन घासही तेच. फरक फक्त शेपटीचा. तिथे दोनच मात्रा मोकळ्या राहतात, त्यात नीट श्वाससुद्धा घेता येत नाही, म्हणून ती कविता लहान मुलासारखी उड्या मारत जाते. इथे शेपूट तोडून तीनावर आणली आणि उड्या बंद झाल्या. ‘चोहिकडे’ म्हणताना हात पसरतात. ‘कडे’ म्हणताना नुसतं बोट दाखवलं जातं. या दोन कवितांची तुलना तू दहा ओळींत जरी लिहिलीस, तरी ‘नादमधुर’ शब्दाची गरज उरणार नाही.

आता तुझं कॅलेंडर. ते दिसतं यात तुझा दोष नाही. टेकडी, झरा, चार घरं, पायवाट, सगळा मालमसाला कॅलेंडरचाच आहे. पण कॅलेंडरवर सगळे रंग एकदम डोळ्यांवर येतात. कवितेत ते एकामागून एक येतात, गाण्यात स्वर येतात तसे. कोणता आधी, कोणता मग, कोणता पुन्हा आणि कोणता एकदाच, हे बघायचं.

हिरवा तीनदा येतो. आधी झऱ्यानं दोन्ही काठांवर धरलेली हिरवाळी, मग शेतांची हिरवी गर्दी, मग वाट ज्यातून बाहेर पडते ती हिरवी कुरणं. सहाव्या ओळीनंतर हिरवा पुन्हा येत नाही. मधल्या ‘हिरवी गर्दी’वर मी नेहमी अडखळते. गर्दी म्हटलं की मला बर्डीवरची दिवाळीतली गर्दी आठवते आणि तिच्यासकट तिचा कल्ला. इथली गर्दी दाट आहे आणि तोंडातून शब्द काढत नाही. रंगाला गर्दी म्हणायचं आणि आवाज मात्र काढून घ्यायचा! सगळ्या कवितेत गोंगाटाच्या जवळ जाणारा एवढा एकच शब्द, आणि तोही मुका.

दुसऱ्या ओळीतला ‘निळासावळा’ सोडून पुढे जाऊ नकोस. पाण्याला निळं कोणीही म्हणेल. सावळा हा पाण्याचा रंग नव्हे, तो माणसाच्या कातडीचा रंग आहे. विठ्ठलाचा, कृष्णाचा, आपल्या घरातल्या निम्म्या माणसांचा. झऱ्याला पहिल्याच फटक्यात कांती मिळाली. म्हणून शेवटी झाडाला पाय फुटतात तेव्हा ते खटकत नाही. माणूस कवितेत कुठेच नाही, वाटेवर चालणारंसुद्धा कोणी नाही, वाटच चालते. पण माणसाचं अंग मात्र तुकड्यातुकड्यानं पसरलेलं आहे.

हे रंग कानानंही ऐकायचे असतात. निळा, सावळा, काळा, हिरवाळी, काळिमा: यांतल्या प्रत्येकात ळ आहे. आठ ओळींत ळ नऊ वेळा येतो, त्यातला तीनदा एकाच ओळीत: ‘झाकळुनी जळ गोड काळिमा’. ळ म्हणताना जीभ मागे वळते आणि आवाज तोंडातच घोळतो. निळा, सावळा, काळा असं नुसतं ओळीनं म्हटलं तरी एकच स्वर हळूहळू खाली उतरवल्यासारखं वाटतं. आणि त्यात एक रंग परका आहे, ‘पांढरी’. त्या ओळीत ळ औषधालासुद्धा नाही. तिथे सगळा ट-ड-ढ चा खडखडाट आहे: पायवाट, पांढरी, अडवी, तिडवी, पडे. मोठ्यानं वाच, जीभ ठेचकाळतेच.

पांढरीवरून आठवलं. आपल्याकडे खेड्यात गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. माझे आजोबा सावनेरकडच्या एका गावातले. ते ‘पांढरीत राहायचं, काळीत खपायचं’ असं सहज बोलायचे. मला ही पायवाट म्हणजे गावाच्या पांढरीचाच एक धागा वाटते, उसवून शेतातून पुढे निघालेला. कवीच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही, आणि त्याचा काळा डोह म्हणजे काळी जमीन तर नव्हेच. पण पांढरी आणि काळी हे दोन शब्द शेजारशेजारच्या ओळींत आले की शेतकऱ्याच्या नातीला हे ऐकू येणारच. तुझं घर शेतीतलं नसेल तर तुला ऐकू येणार नाही. तर लिहू नकोस.

इथे तुझ्या ‘मनात येईल ते चालतं का’ या प्रश्नापाशी आलो. माझ्याच मनात आलेल्या दोन गोष्टी सांगते, एक ठेवली, एक टाकली.

आजोळच्या शिवारात नाल्याच्या वळणावर एक जुना उंबर होता. मुळं थेट पाण्यात. उंबराची फळं फांदीच्या टोकाला लागत नाहीत, खोडालाच घोसाघोसानं चिकटलेली असतात. कच्ची हिरवी, पिकली की लालसर, आणि खाली पडून फुटली की त्यावर चिलटांचा घोळका. उन्हाळ्यात नाला कोरडा पडायचा, पण उंबराखालचा डोह टिकायचा. लांबून पाणी कुळकुळीत काळं. आम्ही पोरं धाडस करून खाली उतरायचो आणि ओंजळीत घ्यायचो तर ते बिनदुधाच्या चहासारखं फिकट तांबूस! कुजलेल्या पानांचा रंग. काळं काहीच नसायचं तिथे, झाडाची सावली होती ती.

हा उंबर डोक्यात घेऊन मी कित्येक वर्षं कविता वाचली आणि लाल उंबरं तिच्यात आहेतच असं धरून चालले. एकदा वर्गात बोलूनही गेले. मग तपासलं, तर कवितेत लाल नाही. पिवळा, केशरी, काहीच नाही. गरम रंगाचा एक ठिपका नाही. ज्या झाडाच्या खोडावर लाल घोस लटकतात ते झाड कवितेचा कळस, आणि कवी त्या लालाकडे बघतसुद्धा नाही. एक थेंब लाल पडला असता तर डोळा तिथेच अडकला असता, डोहापर्यंत पोचलाच नसता. तर माझी लाल उंबरं मी टाकली. टाकताना कवितेबद्दल मात्र एक गोष्ट कळली, तेव्हा चूकही वाया गेली नाही.

ठेवली ती सावली. ‘काळिमा’ शब्दाला एरवी डाग चिकटलेला असतो; नावाला काळिमा, कुळाला काळिमा. त्याला ‘गोड’ म्हणायचं धाडस मला नागपूरकर म्हणून लगेच पटतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना गंजिपेठेतून उतरून एखाद्या झाडाखाली सायकल टेकव, काळं किती गोड असतं ते कळेल. अर्थात कवितेत मे महिना नाही, शेतं हिरवीगार आहेत. ऊन माझं आहे. पण ‘झाकळुनी’ आणि ‘गोड’ हे दोन शब्द कवीचे आहेत आणि माझं ऊन त्यांच्यावर टेकून उभं राहतं. लाल उंबरांना टेकायला एकही शब्द नव्हता.

या ओळीचं व्याकरणही बघ. पसरी कोण? कर्ता पुढच्या ओळीत, अगदी शेवटच्या शब्दात आहे. आधी पाणी झाकळतं, काळेपण लाटांवर पसरतं, आणि ते कोणी केलं हे सगळ्यांत शेवटी कळतं. हिरवा, निळा, पांढरा हे रंग नुसते तिथे आहेत. काळा रंग मात्र कोणीतरी करतंय.

मृत्यूबद्दल लिहू का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. बालकवी, म्हणजे धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९०. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ म्हटलं गेलं, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली ते गेले. तपासलेल्या पेपरांपैकी निम्म्यांत ‘काळ्या डोहात कवीला मृत्यूची चाहूल लागली आहे’ हे वाक्य असायचं. मी तिथे लाल रेघ मारायचे. माणूस कसा गेला हे आपल्याला माहीत आहे म्हणून त्याच्या पाण्यात ते बघायचं, हे मला आवडत नाही. औदुंबर म्हणजे दत्ताचं ठिकाण, म्हणून हा विरक्त योगी, असाही अर्थ पुष्कळांनी लावला. त्याला निदान ‘बसला’ या क्रियापदाचा आधार आहे. तुला पटला तर घे.

तुझ्या कामाची आणखी एक गोष्ट. रंग आणि राग हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या एकाच धातूपासून येतात, रञ्ज्, म्हणजे रंगवणं. ‘वर्ण’ तर त्याहून गमतीचा: अक्षर म्हणजे वर्ण, रंग म्हणजे वर्ण, आणि संगीतशास्त्रात स्वरांच्या चालीलाही वर्णच म्हणतात, स्थायी, आरोही, अवरोही, संचारी असे त्याचे चार प्रकार. या कवितेत तिन्ही वर्ण एकाच वेळी चाललेले आहेत, आणि मला विचारशील तर चाल अवरोही आहे. नारदीय शिक्षा या जुन्या संस्कृत ग्रंथात स्वरांना चक्क रंग नेमून दिलेत. गांधार सोनेरी, मध्यम कुंदासारखा पांढरा, पंचम काळा. माझा पंचम काही काळा नाही, आणि माझ्या ओळखीच्या कुठल्याच गाणाऱ्याचा नसेल. तेव्हा पंचम काळा म्हणून डोह म्हणजे पंचम, असली जुळवाजुळव कृपा करून करू नकोस. परीक्षकाला ती आवडेल, हीच त्यातली अडचण.

राहता राहिला ‘असला’. आठ ओळींत कवी कोणाशी बोलत नाही, आणि अगदी शेवटी, झाडाचं नाव घ्यायच्या क्षणी, ‘असला’ म्हणून बोट दाखवतो. बोलीत ‘असला’ जरा हिणवूनच येतं: असला कसला माणूस, असली कसली भाजी. इथे हिणवणं असेल असं वाटत नाही, पण नुसती भरती म्हणूनही सोडवत नाही. पूर्वी मी त्यावर जोर देऊन म्हणायचे, ‘अस्सा हा औदुंबर’ असं. आता आवाज खाली आणून म्हणते, शेजारी बसलेल्याला कोपर लावून दाखवावं तसं. तू तुझ्या पद्धतीनं म्हण आणि तसंच का, ते लिही. तुझ्या दोन पानांतलं अर्धं पान तिथेच भरेल.

पेटी मी या कवितेपुरती कायमची बंद केली. शेवटची काही वर्षं शिकवताना ‘औदुंबर’ म्हणून झाल्यावर पुढच्या पाच मात्रा मनात मोजत गप्प उभी राहायचे. पुढची ओळ येणार नसते, पण कानाला ते अजून ठाऊक नसतं. तिसऱ्या-चौथ्या मात्रेला मागच्या बाकावरचं कोणीतरी हमखास वही मिटायचं.